उताराच्या पायथ्याशी

नाडगीर अण्णांकडे उदाहरण घेऊन गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी एकही आकडा मांडू दिला जात नसे. व्हरांड्यातल्या काळ्या फळ्यावर ते पुस्तकातले चित्र जसेच्या तसे काढीत: टेबल, त्यावर लाकडी ठोकळा, दोरी, कप्पी, खाली जमीन. मग ओले फडके घेऊन टेबल पुसत, दोरी पुसत, जमीनही पुसत. अधांतरी ठोकळा तेवढा उरे. "तेवढा एक राहू दे, बाकीचं पुसा," ते म्हणत. "आता सांगा, ह्याला कोण कोण हात लावायलंय?"

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आम्ही बंगलोरला मल्लेश्वरम भागात त्यांच्या शेजारी राहायला आलो. माझे यजमान सरकारी संशोधन खात्यात होते. मॅट्रिकनंतर बऱ्याच वर्षांनी, संसार मार्गी लागल्यावर, मी इंटर सायन्सला नाव घातले. वर्गातली मुले माझ्याहून पुष्कळ लहान; शंका विचारायला माझी जीभ रेटत नसे. अण्णा मूळचे अथणीकडचे, दुसऱ्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. माझी अडचण त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, ओळखली आणि एका संध्याकाळी कुंपणावरूनच सांगितले, "विमलाबाई, पुस्तक घेऊन या. आमच्या घरात तसंही एक माणूस भिंतीशी बोलायलंय."

अण्णांच्या शास्त्रात निर्जीव असे काही नव्हते. घर्षण हा त्यांचा लाडका नातेवाईक. "घर्षण भिडस्त असतंय. मागाल तेवढंच देतंय, जास्ती नाही. पण त्याची ऐपत संपली की सांगायला येत नाही. गप सोडून देतंय." उतारावरच्या ठोकळ्याचे उदाहरण आले तेव्हा मी नवशिक्यांची नेहमीची चूक केली. जड ठोकळा आधी घसरेल, असे म्हणाले. अण्णांनी वाद घातला नाही. आतून जेवणाचा पाट आणला, त्यावर धान्य मोजायचे रिकामे माप ठेवले आणि पाटाचे एक टोक सावकाश उचलू लागले. माप घसरले, तिथे त्यांनी भिंतीवर खडूची खूण केली. मग तेच माप तांदळाने शिगोशीग भरून पुन्हा पाट उचलला. माप त्याच खुणेशी घसरले आणि तांदूळ व्हरांडाभर पसरले.

"ओझं त्याला खाली ओढतंय, तसंच फळीवर दाबून धरायलंय. दोन्ही बाजूंना तेच. म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा. शेवटी उपाशी. घसरायचं की नाही, ते उतार ठरवतोय आणि फळीचा खडबडीतपणा ठरवतोय."

"आणि तांदूळ वेचायला तुमचं घर्षण येणार काय?" दारातून अक्का म्हणाल्या. त्यांचा मुलगा माधव तेव्हा आईबरोबर तांदूळ वेचायला बसला होता आणि हसत होता. दिवेलागणीला फळा पुसणे हे अक्कांचे काम. "उद्याला पाटी कोरी पाहिजे," असे म्हणत त्या तो मन लावून पुसत.

माधव यशवंतपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागला. लॉरीतून आलेली यंत्रांची खोकी फळ्यांच्या उतारावरून खाली घेणे, हे त्याच्या देखरेखीखालचे काम होते. वर लॉरीवर मुनियप्पा नावाचा हमाल दोर धरून असे. मध्ये थांबून तो दोर सैल करी, हात बदली. तेवढा वेळ खोके नुसत्या घर्षणावर फळीवर उभे राही. रोजची रीत होती. एके दिवशी ते उभे राहिले नाही. माधव खाली, उताराच्या पायथ्याशी उभा होता.

त्याला घरी आणले तेव्हा अक्कांना कोणी चेहरा पाहू दिला नाही.

कारखान्याने चौकशी लावली. मुनियप्पाने मोठ्या खोक्यावर न विचारता एक लहान खोके ठेवले होते. ते त्यानेही नाकारले नाही. ओझे वाढले म्हणून खोके घसरले, दोष मुनियप्पाचा, असे ठरत आले. पोलिसांत देण्याची भाषा सुरू झाली. त्याची बायको गंगम्मा एका सकाळी अण्णांच्या पायरीवर येऊन बसली. मी तेव्हा अक्कांना सोबत म्हणून तिथेच होते. ती कानडीत बोलत होती. वर पाहत नव्हती.

"स्वामी, तुमचं लेकरू गेलं. मी कुठल्या तोंडानं येणार. पण माझा माणूस म्हणतो, फळ्या आखूड होत्या. त्याचं कोण ऐकतंय?"

अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे. तू जा आता." ती गेल्यावर त्यांनी अक्कांकडे पाहिले, आणि माझ्या ध्यानात आले की त्या दोघांना काहीतरी ठाऊक आहे.

"सकाळी बुटाची नाडी बांधताना तो बोलला होता," अण्णा म्हणाले. "आज लॉरी उंच आहे, लांब फळ्या दुसऱ्या शेडमध्ये अडकल्यात, आखूड फळ्यांवरच उतरवून घेतो म्हणाला. मी काय म्हणालो? बघून कर म्हणालो. आखूड फळीनं उतार किती खडा होईल, एवढं विचारलं नाही. जन्मभर परक्यांच्या पोरांना विचारत आलो."

"अहो, ते आपल्या तिघांतलं बोलणं," अक्का म्हणाल्या. "गेलेल्याला आता कोण विचारणार आहे? त्याचं नाव तरी चांगलं राहू द्या."

"ओझ्यानं खोकं घसरत नाही, पार्वती."

"मला शिकवू नका. माझा एकच होता."

"माझाही तोच. पण मुनियप्पा अजून जिवंत आहे."

अक्का उठून आत गेल्या.

चौकशीच्या दिवशी माझे यजमान अण्णांसोबत गेले होते. अण्णांनी बरोबर पाट आणि माप नेले होते. अधिकाऱ्यांच्या टेबलावर त्यांनी माप रिकामे आणि मग भरून, दोन्ही वेळा घसरवून दाखवले. एका अधिकाऱ्याने विचारले, "मग तुमच्या मते दोष कोणाचा?" अण्णा म्हणाले, "उताराचा. आणि आखूड फळ्या लावा असं ज्यानं सांगितलं, त्याचा. तो माझा मुलगा." पाट काखेत मारून ते चालत बाहेर आले, असे यजमानांनी सांगितले.

मुनियप्पा सुटला. कारखान्याच्या कागदोपत्री माधवच्या नावापुढे निष्काळजीपणा लागला. अक्का त्या दिवसापासून अण्णांशी बोलेनाशा झाल्या. वेळेवर वाढीत, कपडे काढून ठेवीत, औषध पुढे करीत. शब्द मात्र नाही. दिवेलागणीला फळा पुसणेही त्यांनी सोडले. अण्णा स्वतःच पुसू लागले.

शिकवणे त्यांनी थांबवले नाही. विनोद गेले, घर्षणाचे नातेवाईकपण गेले. बाकी शिस्त तीच. फक्त उताराचे उदाहरण आले की एक गोष्ट नवी घडे. सगळे पुसून ठोकळा एकटा ठेवायचा, त्याच्यावरच्या प्रत्येक बळाचा बाण रेखायचा. आणि मग अण्णा खाली, जिथे उतार संपला असता तिथे, एक लहानशी उभी रेघ ओढत. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे कुठलं बळ?"

"बळ नाही. समीकरणात येत नाही तो. पुस्तकवाल्यांच्या उताराखाली कधी कोणी उभा नसतोय. तुम्ही काढत जा."

पुढे त्यांच्या छातीत दुखू लागले. शेवटच्या आठवड्यातही ते व्हरांड्यात बसून कोणाचे तरी उदाहरण तपाशीत. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात असताना ते गेले.

दिवस झाल्यावर पाहुणे पांगले, आणि मी अक्कांकडे भांडी आवरायला गेले. व्हरांड्यातला फळा तसाच होता: ठोकळा, तीन बाण, बाजूला आकडेमोड, दोन ठिकाणी खोडलेली, आणि खाली ती उभी रेघ. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेस पडू नये, म्हणून मी फडके ओले केले. अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. पुष्कळ वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या. मग पुढे येऊन त्यांनी माझ्या हातातले फडके घेतले आणि स्वतःच पुसू लागल्या: आकडे पुसले, बाण पुसले, ठोकळाही पुसला. रेघेपाशी त्यांचा हात थांबला.

"तेवढा एक राहू दे," त्या म्हणाल्या, आणि फडके पिळायला आत गेल्या.