घरचा मुळा

सासूबाईंची शेती गेली आणि तिच्यावर आमची बिल्डिंग उभी राहिली. वाघोलीत हे काही नवीन नाही. वरचा मजला आणि गच्ची आमच्या वाट्याला आली. सासूबाईंनी गच्चीवर पुन्हा शेत मांडलं. ड्रममध्ये पालक, क्रेटमध्ये मुळा, कोथिंबीर. मुळा उपटायचा, पदराला पुसायचा आणि हातात द्यायचा. लग्न झाल्यापासून मी तो तसाच खात आले. धुवायला निघाले की म्हणायच्या, "घरचंच हाय. औषध न्हाई, फवारा न्हाई. धुवायचं काय त्यात?"

मला दिवस गेले, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं पहिल्याच खेपेला विचारलं, "घरात मांजर आहे?"

"नाही."

"मग सुटलात. मांजर असलं की बाळाला धोका असतो."

कसला धोका, ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. "बाळाच्या डोळ्याबिळ्यांना काहीतरी होतं म्हणे," एवढंच. तीसुद्धा गरोदर होती. मला तिसरा महिना, तिला दुसरा. आमचं लगेच जमलं. तिला पाणीसुद्धा पचत नाही हे ऐकल्यावर सासूबाई दर खेपेला माझ्या हाती पिशवी द्यायला लागल्या. "काकूंचा मुळा तेवढा पोटात राहतो," म्हणत ती टेबलाशीच कचाकचा खायची. मला काय बरं वाटायचं!

एका सकाळी गच्चीवर गेले, तर मुळ्याच्या क्रेटमधली माती उकरलेली. जवळ गेले आणि वासानं मागे सरले. कठड्यावर बिल्डिंगमधलं भटकं मांजर निवांत अंग चाटत बसलं होतं.

"अहो आई, हे काय?"

"रोजचंच हाय त्येचं," म्हणत सासूबाईंनी हातानं माती सारखी केली. "खतच की ते."

रोजचंच! घरात मांजर नव्हतं, खोटं कुठं बोलले होते मी? गच्चीचं कुणी विचारलंच नव्हतं.

तशीच दवाखान्यात गेले. सिस्टर रजेवर होती. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, चेहरा गंभीर केला आणि रक्त काढायला लावलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पोटावर हात ठेवायची भीती वाटायची. घरी कुणाला काही बोलले नाही. डोक्यात माझ्या बाळाशिवाय दुसरं काही शिरतच नव्हतं.

रिपोर्टच्या दिवशी सिस्टर माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होती. डॉक्टरीणबाई कागद वाचून म्हणाल्या, "मांजराच्या घाणीतून होते ती लागण झालेली आहे, पण जुनी. दिवस जायच्या आधीची. इतकी वर्षं तो मुळा न धुता खाताय, तेव्हाच कधीतरी झाली असणार. आता बाळाला भीती नाही. भीती असते ती जिला गरोदरपणात पहिल्यांदाच लागण होते तिला."

मी रडले, हसले, देवाचं नाव घेतलं. मग लक्षात आलं, पट्टा अर्धाच बांधलेला आहे आणि सिस्टरचे हात थांबलेत.

निघाले तर ती जिन्यात मागून आली. दंडावर कापसाचा बोळा दाबून धरला होता. तिचंही रक्त काढून झालं होतं.

"मी आधी कधीच असं खाल्लं नव्हतं हो," ती म्हणाली. "आमच्याकडे मंडईतली भाजी. दोन-दोनदा धुतलेली."

'होईल सगळं नीट' हे शब्द ओठांवर आले आणि माझी मलाच लाज वाटली. मी वाचले होते, आणि तिच्यापुढे वाचल्याचीसुद्धा चोरी वाटत होती.

"काकूंना एवढ्यात सांगू नका," ती डोळे पुसत म्हणाली. "मायेनं देत होत्या."

घरी आले तर सासूबाई दारातच. "काय म्हनल्या डॉक्टरीणबाई?"

"बाळ ठीक आहे."

त्यांनी माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मग दारामागची पिशवी पुढे केली. मुळ्यांना ओली माती तशीच चिकटलेली होती.

"आज सिस्टरची पिशवी इसरलीस बघ. जा, देऊन ये. दोन जिवांची हाय बिचारी."