आधी चौकशी, मग प्रिंटर

काशीरामचे आईवडील उरणकडच्या मिठागरांवर राबले. तो पनवेलला आयटीआयमध्ये शिकला आणि पळस्पे फाट्यावर ट्रान्सपोर्टवाल्यांचे पावत्या छापणारे प्रिंटर दुरुस्त करू लागला. पत्र्याचं दुकान, एक टेबल, एक जुना संगणक. मी टेलिफोन खात्यात केबल जोडण्यात नोकरी घालवली, त्यामुळे सांधा बघितला की माणूस कळतो. काशीरामचा सांधा पुन्हा करावा लागत नसे.

गोष्ट १९९५ची. इंटरनेट पनवेलला यायचं होतं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पद्मजा टायपिंगचा क्लास चालवायची. तिने एका संगणकाला मोडेमच्या डबीतून फोन जोडून ‘बोर्ड’ सुरू केला होता. आपल्या संगणकावरून तिच्या संगणकाला फोन लावायचा, प्रश्न लिहून ठेवायचा, दुसऱ्यांचे वाचायचे. सगळे मशीन दुरुस्त करणारे लोक. लाइन एकच, त्यामुळे एक जण आत असला की बाकीच्यांना एंगेज. म्हणून आत शिरताच पहिली पाटी दिसायची : ‘कामाचं लिहा. मागे माणूस थांबला आहे.’

काशीरामचं पत्र असं असायचं : ‘पद्मजाताई, नमस्कार. आईंचे गुडघे कसे आहेत? विश्वजीतसाहेब, मुलीला कॉलेज मिळालं का? आमच्याकडे चवळीच्या शेंगा भरल्या. पाहुणे येऊन गेले. प्रिंटर अर्धीच ओळ छापतो. काय करू?’

विश्वजीत म्हणजे नवीन पनवेलचा इंजिनिअर. त्याने खाली लिहिलं, ‘प्रिंटरपर्यंत पोहोचायला गुडघे ओलांडावे लागतात.’

पद्मजाने ताकीद दिली. पुन्हा विषयाबाहेरचं लिहिलं तर बोर्डावरून नाव काढून टाकीन. काशीरामकडे त्या मशीनांची पुस्तकं नव्हती. अडलं तर विचारायला बोर्डाशिवाय जागा नव्हती. नाव गेलं तर दुकान गेलं.

रविवारी तो शेंगांची पिशवी घेऊन पद्मजाकडे हजर. मी तिथे चहाला बसलो होतो. त्याने तिच्या आईची चौकशी केली, माझी केली, माझ्या बायकोची केली, क्लासच्या मुलींचीही केली. चहा संपला. दुसरा झाला.

“काशीराम, काम काय होतं?” पद्मजाने विचारलं.

“काम इथं नाय, ताई. कामाचं बोर्डावर टाकतो.”

तो सायकल मारत पळस्प्याला गेला. संध्याकाळी बोर्डावर त्याचं पत्र : ‘रिबन अडकते. कारण?’ बस, एवढंच.

पद्मजा खूश. पण पुढच्या आठवड्यात तो मंगळवारी आला. मग गुरुवारी. प्रश्न पडला की सायकल काढायची, पनवेल गाठायचं, सगळ्यांची चौकशी करायची, परत जायचं आणि फोन लावून एक ओळ लिहायची. एकदा तर नवीन पनवेलला विश्वजीतच्या घरीही जाऊन आला. विश्वजीत चक्रावला. त्याला वाटलं, कसलं तरी बिल मागायला आलाय.

शेवटी पद्मजा चिडली. “अरे, दुकान बंद ठेवून येतोस? गिऱ्हाईक उभं असेल तिकडे!”

“मंग काय करू? कुनाच्या घरात शिरलो आनि उभ्या उभ्या काम मागितलं, तर आई मारंल मला.”

“ते घर नाही रे. बोर्ड आहे.”

“आत मानसंच हायत ना?”

पद्मजा माझ्याकडे बघायला लागली. मी चहा बशीत ओतला. माणूस दोन शब्दांसाठी एवढी सायकल मारतो, त्याला आळशी तर म्हणता येत नाही.

तिने दोन दिवस खपून बोर्डाला दुसरी खोली काढली. नाव ठेवलं ‘ओटा’. कामाचं आत, बाकीचं ओट्यावर. ज्याला वेळ आहे त्याने ओट्यावर यावं, नसेल त्याने सरळ आत जावं. काशीरामने ओट्यावर दोन पानं चौकशी लिहिली आणि आत एक ओळ. सायकल थांबली. दुकान दिवसभर उघडं राहू लागलं.

ओट्यावर त्याच्या मागोमाग कोण यावं? विश्वजीत. सासूबाईंच्या मोतीबिंदूवर त्याने एवढं लिहिलं की लाइन तासभर एंगेज. पद्मजाने त्यालाही ताकीद दिली. काशीरामने ते सगळं वाचलं आणि डॉक्टरचं नाव कळवलं.

दिवाळीनंतर काशीरामने ओट्यावरून सगळ्यांना गावी जेवायला बोलावलं. आठ जण गेलो. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण. पहिला घास घेतला नाही तोच पद्मजा आणि विश्वजीत मोडेमच्या वेगावरून जुंपले. काशीरामची आई, कमळाबाई, भाकऱ्यांची टोपली घेऊन समोर उभी राहिली.

“ए बाय, जेवताना मशीनीचा नाय बोलायचा. आमच्याकडं चालत नाय.”

पद्मजा ओशाळली आणि मग इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. विश्वजीतने मुकाट्याने आणखी एक भाकरी घेतली. ताटं उचलली गेली, हात धुतले. मग काशीरामने अंगणात सतरंजी टाकली, आतून एक अडलेला प्रिंटर आणून मधोमध ठेवला, आणि सगळी डोकी त्यावर वाकली.