चांदभाईनं कोर्टात ट्रंपेट वाजवला

मी धनाजी. पलूसच्या चांदसाहेबाच्या बँडात ताशा वाजवतो. त्यो ट्रंपेट वाजवायचा, आन् वाजवायचा म्हंजे असा की वडूजच्या वरातीत नवरदेवाची आजी काठी फेकून नाचली. ती काठी माझ्याच टकुऱ्यात बसली, ती गोष्ट येगळी.

मेढ्याचं लगीन वाजवून टेंपोतनं येत हुतो. मागनं चौदा चाकी ट्रक आला आन् दिला दणका. बाकीची आमी खरचटण्यावर सुटलो. चांदभाईनं हात टेकायचं सोडून ट्रंपेट उराशी धरला, आन् त्वांड आपटलं लोखंडी दांडीवर. पुढचं सगळं दात गेलं. ट्रंपेटला साधा पोचा न्हाई! शुद्धीवर आल्यावर पयला त्योच बघितला बेण्यानं.

सांगलीच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला. डॉक्टरनं कवळी बसवली आन् लिहून दिलं, ह्यो माणूस आता वाजवू शकत न्हाई. चांदभाई असला खवळला! "त्या डॉक्टरनं कवा पिपाणी तरी वाजवलीया का? केस संपू दे, मग बघ कसं गाव नाचवतो."

आमच्या राजवर्धन वकिलाला घामच फुटला. "चांदभाई, वाजवताना कुणी मोबाईलवर काढलं तर दावा गेला. ट्रंपेटला हात लावायचा नाही."

झालं! अख्तरबी भाबीनं ट्रंपेट पेटीत घातला आन् किल्ली कमरेला खवली.

"अगं, नुस्ता पुसतो की," चांदभाई मागं लागायचा.

"पुसायला त्वांड लागतंय व्हय?"

तारखेवर तारीख पडत वर्सं गेली. गल्लीत दुसऱ्याचा बँड आला की ह्यो दारात हुबा ऱ्हाऊन "बेसूर! बेसूर!" म्हणून वरडायचा. दोनदा मार खाता खाता वाचला. आमचा बँड तर बंदच. म्या दुसरीकडं ताशा वाजवला तर माझ्याशीबी महिनाभर बोलला न्हाई. आता पोट काय त्येच्या रागावर भरायचं का?

ट्रकच्या विमा कंपनीचा वकील लय आगाव. "भाकरी चावता, बोलायला लागलात तर थांबत नाही. मग वाजवता येत नाही कशावरून? वाजवून दाखवा." जजमॅडम म्हणाल्या, पुढच्या तारखेला वाद्य घेऊन या.

त्या दिवशी राजवर्धन वकील कानात म्हणाला, "घाबरू नका. जरा बेसूर वाजवा, बास."

"बेसूर? म्या? सगळ्या कोर्टाम्होरं?" भर बाजारात धोतर सोडायला सांगावं तसं त्वांड झालं त्येचं. "त्यापरीस पैसं नको मला!"

"गप वाजवा," भाबी म्हणाली. "कवाधरनं घर मी चालवतीया."

आत चांदभाईनं डोळं मिटलं, गाल फुगवलं आन् फुंकला. आधी नुस्ती हवा. मग चिखलात रेडकू अडकल्यागत आवाज निघाला. शिपाई फिसकन हसला. जजमॅडमनी रुमाल तोंडाला लावला. विमावाला गपकन खाली बसला. मला वाटलं, काय नाटक्या माणूस हाय ह्यो! पर चांदभाई थांबंना. घामाघूम झाला, तरी शेवटापतूर वाजवत ऱ्हायला.

भाईर आल्यावर वकिलानं त्येचा हात धरून गदागदा हलवला. "जिंकलो समजा! ठरल्यापेक्षा भारी बेसूर वाजवलंत!"

"ठरल्यापरमानं न्हाई वाजवलं," चांदभाई म्हणाला. "हुबा ऱ्हायलो आन् वाटलं, जाऊंदे दावा. म्या नीट वाजवलं, वकीलसाहेब. जीव लावून वाजवलं."

वकिलाचा हात तसाच ऱ्हायला. भाबीनं पदर डोळ्याला लावला.

चांदभाईनं माझ्याकडं बघितलं. "धनाजी, तुला तरी चाल वळखू आली का रं?"

"व्हय की," म्या म्हणलं. "नवरीच्या पाठवणीची. लय रडवलंस गड्या."

त्येनं ट्रंपेट पुसून पेटीत घातला.

"वरातीची हुती रं. नाचायची."