प्रार्थनाच होती

आज घरात गोड पोह्यांच्या मलिद्याचा वास आला आणि बहारीनचे दानियलमामा आठवले.

आम्ही दोघेही रेवदंड्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. तिथे एकाच कंपनीत मामा फिटर, मी क्लार्क, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. दर शुक्रवारी हूरा वस्तीतल्या खोलीवर ते मलिदा करत आणि ‘शमा’ ही आमची प्रार्थना गात. "शमा म्हणजे ऐक. नुसतं गाऊ नकोस, बाळा," म्हणायचे.

एकदा कामावर भर उन्हात त्यांचा जोडीदार कोसळला. मामा तडक साहेबासमोर गेले, डोळ्यांवर हात ठेवून शमा गायले आणि मराठीत म्हणाले, "दुपारी दोन तास सावली द्या आम्हाला."

साहेबाने मला विचारलं, "काय म्हणतोय?"

व्हिसा जाईल या भीतीने मी इंग्रजीत म्हणालो, "काही नाही सर, प्रार्थना म्हणतोय."

मामांना तेवढं इंग्रजी कळत होतं.

"प्रार्थनाच होती, ग्रॅज्युएट," म्हणाले आणि परत उन्हात गेले.

तेव्हा मला तो टोमणा वाटला होता.