हिरडीत घातलेलं मीठ

आमच्या ह्यांचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले आणि घरातलं हसू बंद झालं. दातांचं मला एवढं काही नव्हतं हो. पण ज्यांचं खो-खो हसणं दिवेआगरात शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू जायचं, तो माणूस तोंडावर हात धरून बोलायला लागला. मला मेलं ते बघवेना. हसू परत हवं तर दात वाचायला हवेत, म्हणून धरूनबांधून बोर्लीला दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं.

ती म्हणाली, "काका, हिरड्यांच्या रोगानं दातांभोवतीचं हाड खाल्लंय. तुमचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवते, त्याची जेली होते. ती हिरडीत भरली, की तिच्यातली वाढीची द्रव्यं हळूहळू सुटतात आणि हाड भरून यायला मदत होते."

रक्त हातातून काढायचं आणि हाड तोंडात उगवायचं? "अगं, पण त्या रक्ताला कसं कळतं, कुठं हाड करायचं नि कुठं मांस?" मी विचारलं. तिनं चित्र काढून समजावलं, मी मान डोलावली. कळलं काहीच नाही.

ह्यांना मात्र सगळं कळलं, तीच पंचाईत झाली. "सोप्पं आहे गं. खड्डा केला, खत घातलं, वरून बुजवलं." वादळानं आमची वाडी आडवी केली, त्यानंतर ह्यांनी खड्डे करून नव्यानं लावलेले माड जगले. तेव्हापासून ह्यांना कुठलाही खड्डा माडाचाच दिसतो.

दोन्ही दातांच्या हिरडीत जेली भरून वरून टाके घातले. टाक्यांना बोटसुद्धा लावू नका, असं डॉक्टरणीनं बजावलं होतं. चारेक दिवसांनी बघते, तर हे आरशासमोर ओठ वर करून उभे, आणि बोटावर कुटलेलं खडेमीठ!

"अहो, हे काय?"

"माडाच्या खड्ड्यात मीठ नको? विसरली असेल ती. आधी डाव्याला घालून बघतोय, मानवलं तर उजव्याला."

मी कपाळावर हात मारला. चोळून चोळून डावीकडचे टाके सुटले होते, हिरडी टम्म सुजली होती.

काही महिन्यांनी एक्स-रे काढला. उजवीकडे हाड भरत आलेलं, दात घट्ट. डावा मात्र काढावाच लागला. त्या फटीकडे बघून मला रडूच फुटलं. आता तर हे तोंडच उघडणार नाहीत!

"काका, मीठ घालायला कोणी सांगितलं होतं?" डॉक्टरीण वैतागून म्हणाली.

"माडांनी," हे म्हणाले आणि खो-खो हसले. बाहेर बसलेले पेशंट डोकावून बघायला लागले.

"अहो, तोंडावर हात तरी धरा!"

"आता कशाला? हलत होता तोवर धास्ती होती गं, आत्ता पडतोय की मग पडतोय. पडला, सुटलो."

परतीच्या वाटेवरही हे हसतच होते. दात वाचावा म्हणून मी एवढी भांडले, आणि हसू आलं ते दात गेल्यावर. मग मी भांडत होते ते नक्की कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.