डब्याचं बूड बघणारी मावशी

कचऱ्याचा डबा रिकामा केला की मावशी तो आडवा करायची, आत डोकं घालायची आणि बुडाकडे बघत म्हणायची, "बुडातनं उजेड दिसायलाय. डबा गेला, भाऊ."

मानवतच्या बसस्थानकासमोर आमचं छोटं व्यापारी संकुल. तिथं माझं स्टेशनरीचं दुकान, आणि मावशी आवार झाडायला. अशी एखादी मावशी तुमच्याही बाजारात असेल. आपलं लक्ष जात नाही, एवढंच.

आम्हा दुकानदारांच्या मते डबा उभा राहतो तोवर चांगला. मावशीचं तसं नव्हतं. झाकण लागेना, चाक फिरेना, धुऊनही वास जाईना, की तिच्या लेखी तो संपला. "उन्हानं प्लास्टिक पापडावानी झालंय. दाबून बघा की." आम्ही हसायचो. बघू, म्हणायचो.

मग एका दुपारी टपरीवाल्यानं शेगडीची गरम राख डब्यात ओतली. तो डबा कडेनं चिरलेला. मावशी महिनाभर तेच सांगत होती. वारा सुटला आणि चिरेतून ठिणग्या उडायला लागल्या. दहा पावलांवर कापसानं भरलेला टेम्पो उभा.

आम्ही नुसतेच ओरडत होतो. मावशीनं पदर खोचला. "आधी गाडी काढ," म्हणून टेम्पोवाल्याला पिटाळलं आणि पाण्याची बादली डब्यावर उपडी केली. मग दुसरी. मग तिसरी. धूर निवळला तेव्हा तिच्या भुवया करपल्या होत्या.

"आता तरी बघता का?" एवढंच म्हणाली.

दोन दिवसांत सहा नवे डबे आले. दुकानं सोडून सगळे बाहेर. मावशी एकेका झाकणावर चक्क बसली, एकेक डबा चाकांवर पायऱ्या चढवून पाहिला आणि एक परत पाठवला. "ह्याचं झाकण आत्तापासूनच वाकडं हाय." बदली डबा आला, झाकण टप्पदिशी बसलं, आणि ती अशी खुलून हसली की आम्ही टाळ्याच वाजवल्या.

गेल्या वर्षी लेकीनं तिला परभणीजवळ पिंगळीला, आपल्या घरी न्यायचं ठरवलं. निघायच्या सकाळी तिनं मला सगळ्या डब्यांपुढून फिरवलं. "हे सावलीतले लय दिवस टिकतील. हा कडेचा उन्हात हाय. पुढच्या उन्हाळ्याआधी काढा. फुटायची वाट बघू नका."

मी तिला परभणीच्या एसटीत बसवून दिलं. गाडी हलली तसा तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. निरोप घेते आहे असं वाटून मीही हात हलवला. ती कडेच्या डब्याकडे बोट दाखवत होती.