मास्तरचा कप्प्यांचा डोंगा

आमच्या मास्तरले कोनतीबी वस्तू उघडी पडलेली पाहावत नाई. मास्तर म्हनजे माहे मालक, मोतीराम. तामसीकडच्या शाळेत त्यायचा जल्म गेला. आता रिटायर झाले, पन गावात अजून सारे मास्तरच म्हनतात, म्हनून मीबी तेच म्हनते. आमच्या घरात सुईले डबी आहे, त्या डबीले डबा आहे, अन् त्या डब्याले पेटी आहे. पोलक्याचं बटन तुटलं तं मी पिन लावते, पन सुई काढाच्या भानगडीत पडत नाई.

याले कारन आहे. लहानपनी यायच्या घरी कपाट नव्हतं. मायबाप दुसऱ्याच्या वावरात राबत, घर एका खोलीचं. पुस्तकं थैलीत घालून आढ्याले टांगलेली राहत. एका उंदरानं तिथं जाऊन गनिताचं पुस्तक खाल्लं, अन् दुसऱ्या दिवशी वर्गात यायले मार बसला. तवापासून मास्तरले झाकनाचं वेड आहे. हे मले ठाऊक आहे, म्हनून मी जास्त बोलत नाई. म्हनजे बोलते, पन जास्त नाई.

रिटायर झाल्यावर यायले मासे धराचा नाद लागला. मत्तडीवागूचं धरन आमच्यापासून जवळच. तिथल्या एका भोयाकडून यायनं जुना डोंगा घेतला. बुडाले सपाट, आमच्या ओसरीएवढा लांब, अन् आत काहीच नाई. भोई त्यात जाळं टाकते, मासे टाकते, सांजच्याले घरी जाते. त्याचं काही अडत नाई. मास्तरचं मात्र पहिल्याच दिवशी अडलं. गळ एकीकडे, छत्री एकीकडे, डबा पायात. घरी आले अन् जेवता जेवता म्हनाले का डोंग्याले दोन्ही टोकांवर फळ्यांचे ओटे कराचे, अन् ओट्याखाली कप्पे. मी म्हनलं, बरं झालं, पान्यातबी संसार मांडा.

आता यात आमचा पोरगा अनुप आला. तो हैदराबादले कंपनीत आहे. बाप एकटा धरनात जाते हे त्याच्या कानावर गेलं, अन् त्यानं फोनवर निकालच लावला. म्हने, मी चौदा एप्रिलच्या जयंतीले येतो. डोंगा माह्या डोळ्यांनी पाहतो. धोक्याचा दिसला तं विकून टाकाचा, घराले कुलूप, अन् दोघंबी माह्या फ्लॅटवर. चांगला दिसला तं पुन्हा हैदराबादचं नाव काढनार नाई. मास्तर म्हनले, मंजूर.

मले कोनी इचारलंच नाई. त्या फ्लॅटवर मी महिनाभर राहून आली आहे. नववा मजला. समोरचं दार बंद, बाजूचं दार बंद, अन् लिफ्टमधी भेटलेली बाई मोबाईलशी बोलते. एक दिवस मी कढीपत्ता मागाले दार ठोकलं तं आतून कुत्रं भुंकलं. मले तिथं जाचं नव्हतं. बिलकुल नव्हतं. पन हे मास्तरसमोर कबूल केलं असतं तं ते डोक्यावर बसले असते. म्हनून तोंडानं मी डोंग्याले नावं ठेवत होती, अन् मनातून म्हनत होती, बाबा रे, तरंग.

ओटे कराले नागेश सुतार आला. हा नागेश म्हनजे आमच्या भागातल्या साऱ्या नवऱ्या पोरींचे दिवान करनारा. खाली पेटी, वर झाकन, झाकनावर सनमायका. त्यानं डोंग्याचंबी तेच केलं. समोरच्या ओट्याले जाड प्लायवूड, वर गुलाबाच्या फुलांची सनमायका, चकचकीत बिजागऱ्या. आरसा लावू काय, असं त्यानं खरोखर इचारलं. अन् मास्तरनं खरोखर इचार केला. गळाले कप्पा, दोऱ्याले कप्पा, कनकेच्या गोळ्याले कप्पा, छत्रीले लांब कप्पा. सारं झाल्यावर नागेशनं इचारलं, मास्तर, मासे कुठं ठेवनार? मासे ठेवाले कप्पाच नव्हता. मी पदर तोंडात कोंबून घरात पयाली.

मांगचा ओटा मास्तरनं वेगळा करून घेतला. त्याखाली एकच कप्पा, जेवनाच्या डब्याचा. ओटा चांगला रुंद, अन् त्याले दिवानासारखा टेका. मासे धराले जानारा मानूस टेकून काऊन बसन? मी इचारलं तं म्हनले, सामान टेकवाले. अन् आठवन ठेवा, मी अगोदरच सांगून ठेवलं होतं का मेली तरी त्या डोंग्यात बसनार नाई. मले पान्याचं भेव वाटते. घागरीतलं पानी तेवढं माह्या वळखीचं.

त्याच दिवसांत आमच्या शेजारच्याचा कापूस मोजनं सुरू होतं. मी सहज पाहाले गेली. मास्तर म्हनले, विठा, जरा काट्यावर उभी राह्य ना. मले वाटलं गंमत. उभी राह्यली. काटेवाल्यानं साऱ्या बायांसमोर माहं वजन मोठ्यानं वाचलं, कापसाच्या बोज्याचं वाचतेत तसं. आकडा मी सांगनार नाई. चारचौघांत इज्जतीचा भाजीपाला झाला. मी मास्तरशी कित्येक दिवस बोलली नाई, अन् वरनात मीठ टाकलं नाई.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आमी धरनावर गेलो. अनुपनं हैदराबादहून एक नारंगी जाकीट आनलं होतं, बुडू नये म्हनून घालाचं. नागेशबी आपलं काम पाहाले आला. डोंगा पान्यात लोटला. मास्तर मधात बसले, अन् डोंग्यानं समोरून मान खाली घातली, नवरी पाया पडते तशी. समोरचे सारे कप्पे, ती सनमायका, त्या बिजागऱ्या; वजन सारं समोर. काठावरचे भोई हासाले लागले. माह्या मात्र डोळ्यांसमोर तो नववा मजला आला.

मास्तर काही बोलाच्या आत अनुप जाकीट घालून मांगच्या ओट्यावर जाऊन बसला. पन ते पोट्टं जिममधी जाऊन जाऊन काडी झालं आहे. समोरचं टोक इतकंसं उचललं, अन् पुन्हा खाली. गुलाबाच्या फुलांवर पानी चढलं. अनुप उतरला. त्यानं कपाळावर हात मारला अन् म्हनला, "बाबा, हे नाही चालणार. हा डोंगा विकून टाकू."

मास्तर वल्हं मांडीवर ठेवून माह्याकडे पाहत राह्यले. शाळेत पोराले उत्तर येत असलं अन् ते हात वर करत नसलं, तवा ते असंच पाहत. मले लय राग आला. यायचा बी आला, पोराचा बी आला. मी अनुपच्या अंगातलं जाकीट काढलं, पदरावरून घातलं, नागेशचा हात धरला, डोळे मिटले अन् मांगच्या ओट्यावर जाऊन बसली.

काठावरचं हासनं थांबलं, म्हनून मी डोळे उघडले. डोंगा सरळ होता. समोर नाई, मांगं नाई, ताटासारखा सरळ.

"मास्तरनं माप बराबर घेतलं होतं वहिनी," नागेश काठावरून म्हनला. "तुमच्या वजनाची तांदळाची पोती ठेवून आमी दोनदा पाह्यलं."

तवा मले तो कापसाचा काटा आठवला. मी मास्तरकडे पाह्यलं. ते दुसरीकडे पाहून राह्यले होते. ज्या बाईनं बसनार नाई म्हनून गाव गोळा केलं होतं, तिच्यासाठी या मानसानं जागा करून ठेवली, अन् इचाराची हिंमत झाली नाई. राग कराव का रडाव, मले समजलं नाई. मी मांगं टेकली. तो टेका बराबर माह्या पाठीले लागला.

अनुप मधात बापाच्या पायापाशी उकिडवा बसला. डोंगा चालू लागला तरी सरळच. बऱ्याच वेळानं त्यानं इचारलं, "आई, बाबांसोबत रोज येशील?"

मी म्हनलं, "मी नाई आली तं हे तोंडावर पडतात. पाह्यलं ना आता?"

तो हासला. मंग त्याले भूक लागली. म्हनला, डबा कुठं आहे? डबा माह्या खाली होता. झाकन उघडाचं तं मले उठाव लागनार, अन् मी उठली का मास्तरची गुलाबाची फुलं पान्यात. मी त्याले सांगतलं का काठाले लागल्यावर जेव. तिघंबी उपाशी काठाले लागलो. मास्तरनं एक मासा धरला होता, तो ठेवाले जागा नव्हती, म्हनून अनुपनं तो सारा वेळ हातात धरला होता.

फ्लॅटचं नाव त्यानं काढलं नाई. जाताना ते नारंगी जाकीट माह्या हातात ठेवलं अन् म्हनला, हे घातल्याबिगर डोंग्यात बसाचं नाई. बस निघाली, मी पदर डोळ्याले लावला, अन् बाजूले पाहते तं मास्तर त्या जाकिटाची लांबी-रुंदी हाताच्या इतीनं मोजून राह्यले होते.

उद्या नागेश येनार आहे. जाकिटाले कप्पा कराले.